'असल' कोंबडी कोणती?

सोलापुरात सात रस्त्यावरून कोणत्याही दिशेला निघालो, तरी थोड्याच वेळात चिकनचे एखादे दुकान लागते. दुकानातल्या कोंबड्यांची विभागणी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही डोक्यात पक्की असते. पांढरी, जाडजूड, पिंजऱ्यात बसून राहणारी ती 'बॉयलर' किंवा 'इंग्लिश'. (मूळ शब्द ब्रॉयलर, पण लोकांच्या जिभेवर बॉयलरच रुळला आहे.) रंगीबेरंगी, काटक आणि चपळ ती 'गावरान'. गेल्या काही वर्षांत यात कडकनाथची भर पडली आहे. ही पिसांपासून मांसापर्यंत काळी आणि गावरानपेक्षाही महाग. विकणारा आवर्जून सांगतो, "असल माल आहे, भेसळ नाही."

या तिन्ही नावांमागे एकच समजूत आहे. कोंबड्यांचे निरनिराळे प्रकार मुळापासून वेगळे आहेत, प्रत्येकाचे एक शुद्ध रूप आहे आणि ते डोळ्यांनी ओळखता येते, अशी ही समजूत. ती कोठून आली आणि विज्ञानाने तिचे काय केले, हे या लेखात पाहू. ही गोष्ट केवळ कोंबड्यांची नाही. डार्विनचा उत्क्रांतिविचार आणि मेंडेलचे नियम हे आपण वर्गात शिकवतो ते दोन्ही विषय घडत असताना कोंबडी तिथे हजर होती. आणि अलीकडे याच समजुतीपायी आपल्याकडच्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले आहेत.

आधी शब्दांविषयी थोडेसे. मराठीत 'जात' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. जीवशास्त्रातली 'जाती' म्हणजे निसर्गात आपापसात प्रजनन करणाऱ्या सजीवांचा गट. जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या मिळून एकच जाती होते. माणसाने निवड करून घडवलेल्या पाळीव प्रकाराला या लेखात आपण 'वाण' म्हणू. कडकनाथ, असील, लेगहॉर्न ही वाणे आहेत.

झुंजीच्या रिंगणातून प्रदर्शनाच्या तंबूत

'असील' हा मूळचा अरबी शब्द. अर्थ खानदानी, अस्सल कुळाचा. आपला 'अस्सल' शब्द त्याचाच भाऊबंद. भारतात हे नाव झुंजीच्या कोंबड्याला मिळाले. उंच मान, रुंद छाती, घट्ट पिसे, डोक्यावर बुटका तुरा असे हे वाण. झुंज लावणारा माणूस आपल्या कोंबड्याची वंशावळ तोंडपाठ ठेवत असे, पण त्याची खरी परीक्षा रिंगणात होई. कोंबडा दिसायला कसा आहे यापेक्षा तो टिकतो की नाही याला महत्त्व होते. (प्राण्यांच्या अशा झुंजी लावणे हा १९६०च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने आपल्याकडे गुन्हा आहे.)

ब्रिटनमध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर १८३५ साली कायद्याने बंदी आली. तिथल्या हौशी लोकांनी मग दुसरी स्पर्धा शोधली, ती म्हणजे प्रदर्शन. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. त्याच सुमारास, पहिल्या अफूच्या युद्धानंतर, चीनची बंदरे ब्रिटिश व्यापाराला खुली झाली आणि तिकडून प्रचंड देहाच्या, पायांवरही पिसे असलेल्या कोंबड्या जहाजांतून येऊ लागल्या. युरोपातल्या लोकांनी एवढी मोठी कोंबडी पाहिलीच नव्हती. खुद्द राणी व्हिक्टोरियाने त्या पाळल्या आणि श्रीमंतांत त्यांची टूम निघाली.

अटलांटिकपलीकडे हे वेड आणखी वाढले. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक उद्यानात अमेरिकेतले पहिले मोठे कोंबडी-प्रदर्शन भरले. हजारो लोक लोटले. पुढची पाचसहा वर्षे अमेरिकेत जे चालले त्याला 'हेन फीव्हर', म्हणजे 'कोंबडीज्वर', असे नाव पडले. कारागीर, पाद्री, शेतकरी असे सगळेच एकेका जोडीला डोळे पांढरे होतील अशा किमती मोजू लागले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने १८५२ साली काही निवडक पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट म्हणून पाठवले, त्याचा गाजावाजा केला आणि आपल्या मालाचा भाव वाढवून घेतला. पुढे भाव कोसळले. मग १८५५ साली याच बर्नहॅमने 'हेन फीव्हर'चा इतिहास लिहिला आणि लोक कसे फसत गेले याचे विनोदी वर्णन करून त्यावरही पैसे मिळवले!

त्याने गाजवलेल्या त्या वाणाचे नाव आपल्या ओळखीचे आहे: ब्रह्मा. हे 'ब्रह्मपुत्रा'चे लघुरूप. प्रत्यक्षात या पक्ष्यांचे पूर्वज मुख्यतः चीनमधल्या शांघायहून आलेले. त्यात चितगावकडच्या मोठ्या कोंबड्यांचा संकर झाला असावा असे मानले जाते. नाव एका नदीचे, पक्षी दुसऱ्या बंदरातला आणि घडण अमेरिकेतली. 'शुद्ध' म्हणवल्या जाणाऱ्या वाणाची ही जन्मकथा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्वर ओसरला, पण प्रदर्शने राहिली. बक्षीस द्यायचे तर कसोटी हवी. ब्रिटनमध्ये १८६५ साली आणि अमेरिकेत १८७४ साली प्रत्येक वाणाचे 'मानक' छापून प्रसिद्ध झाले. तुरा कसा हवा, कानाच्या पाळीचा रंग कोणता, पाय पिवळे की पांढरे, शेपटी किती कोनात उभी, असे अवयवागणिक गुण ठरले. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंडाची पारख करणारे जाणकार आपण पाहतो. तेही शिंगांची ठेवण, कपाळ, रंग पाहतात. पण ते त्याची चाल आणि ताकदही पाहतात, कारण बैल अखेर औताला जुंपायचा असतो. प्रदर्शनातल्या कोंबडीला असे कोणतेच काम नव्हते. ती अंडी किती घालते हे गुणपत्रिकेत येतच नसे. मानकात बसते ती शुद्ध आणि बसत नाही ती भेसळीची, असा साधा हिशेब झाला. शुद्धतेची आजची कल्पना या गुणपत्रिकेतून आलेली आहे.

डार्विनचा प्रश्न

या हौशी मंडळींना डार्विन मनापासून मानत असे. पारव्यांवरचे त्याचे काम आपल्याला माहीत असते, पण कोंबड्यांवरही त्याने बरेच काम केले. विल्यम टेगेटमायर हा कोंबड्या-पारव्यांचा जाणकार पत्रकार त्याला माहिती आणि नमुने पुरवीत असे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ हिंदुस्थानातल्या रानकोंबड्यांविषयी त्याला पत्रे लिहीत असे.

प्रदर्शनवाल्यांतल्या अनेकांना वाटे की इतकी भिन्न वाणे एका पूर्वजापासून निघणे शक्यच नाही. प्रत्येकाचा रानटी पूर्वज वेगळा असला पाहिजे. डार्विनपुढे चार उमेदवार होते, कारण रानकोंबड्यांच्या जाती चारच आहेत. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारत ते आग्नेय आशियापर्यंत आढळणारा लाल रानकोंबडा, आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात आढळणारा राखी रानकोंबडा, श्रीलंकेतला एक आणि जावा बेटाकडचा हिरवा.

यातल्या राखी रानकोंबड्याचे शास्त्रीय नाव 'गॅलस सोनेराटी'. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाचे नाव त्यात आहे. अठराव्या शतकात तो हिंदुस्थानात फिरला आणि पाळीव कोंबडीचा पूर्वज हाच पक्षी असावा असे त्याचे मत झाले. या पक्ष्याच्या मानेवरची पिसे विलक्षण असतात. त्यांच्यावर मेणाचे थेंब गोठल्यासारखे चकचकीत पिवळसर ठिपके दिसतात. कोयनेच्या किंवा आंबोलीच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग ज्यांनी ऐकली असेल त्यांना हेही ठाऊक असेल की ती गावातल्या कोंबड्यासारखी नसते.

डार्विनने नेमके अशाच गोष्टींकडे लक्ष दिले. पाळीव कोंबड्याची बांग, पिसे आणि बांधा लाल रानकोंबड्याशी जुळतात. लाल रानकोंबडा पाळीव कोंबडीशी सहज संकर पावतो आणि ती संतती पुढे प्रजननक्षम असते. राखी रानकोंबड्याच्या संकरातून मात्र शेकडो अंड्यांमागे मोजकीच पिल्ले जगल्याची नोंद त्याच्याकडे होती. शिवाय त्याने स्वतः एक प्रयोग केला. काळ्या स्पॅनिश वाणाचा कोंबडा आणि पांढऱ्या सिल्की वाणाची कोंबडी यांचा संकर केला. त्यांच्या संततीत एक कोंबडा असा निघाला की त्याचा लाल-नारिंगी डौल थेट रानकोंबड्यासारखा! काळ्या आणि पांढऱ्या आईबापांच्या पोटी लाल रंग आला कोठून? डार्विनने म्हटले, पूर्वजाचे गुण लपून राहिलेले असतात आणि संकर झाला की पुन्हा उजेडात येतात. १८६८ साली पाळीव प्राणी व वनस्पतींतील विविधतेवरच्या ग्रंथात त्याने निष्कर्ष मांडला: सर्व वाणांचा पूर्वज एकच, लाल रानकोंबडा.

सोनेराचे मत मागे पडले. ते पुन्हा वर येणार होते, पण १४० वर्षांनी.

तुऱ्यांचे गणित

लपून राहिलेला गुण पुन्हा कसा प्रकटतो, याचे उत्तर डार्विनकडे नव्हते. ते मेंडेलच्या वाटाण्यांत होते आणि १९०० साली ते जगापुढे पुन्हा आले. केंब्रिजचा विल्यम बेटसन याने ते वाचले तेव्हा त्याचे स्वतःचे संकराचे प्रयोग चालूच होते, आणि त्यात कोंबड्याही होत्या. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात याच्या अगदी सुरुवातीच्या पुराव्यांत बेटसनचा १९०२ सालचा कोंबड्यांवरचा अहवाल मोडतो. 'जेनेटिक्स' हा शब्दही १९०५ साली याच बेटसनने सुचवला.

बेटसनला प्रदर्शनवाल्यांनी आयतेच साहित्य तयार करून ठेवले होते. मानकामुळे प्रत्येक वाणात तुऱ्याचा एक ठराविक आकार टिकवला गेला होता. साधा, करवतीसारखा एकेरी तुरा सर्वांच्या ओळखीचा. 'गुलाब-तुरा' पसरट आणि दाणेदार, मागे टोक असलेला. 'वाटाणा-तुरा' बुटका, तीन ओळींचा. आपल्या असीलचा तुरा याच प्रकारचा असतो. गुलाब-तुरा एकेरीवर प्रभावी ठरला, वाटाणा-तुराही एकेरीवर प्रभावी ठरला. इथवर वाटाण्याच्या झाडासारखेच.

मग बेटसन आणि त्याचा सहकारी रेजिनाल्ड पनेट यांनी गुलाब-तुरा आणि वाटाणा-तुरा यांचा संकर केला. सगळ्या पिल्लांना तिसराच तुरा आला, अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला. ही पिल्ले आपापसांत जोडली तेव्हा पुढच्या पिढीत चार प्रकार निघाले: अक्रोड, गुलाब, वाटाणा आणि एकेरी, यांचे प्रमाण ९ : ३ : ३ : १. मेंडेलचे हेच प्रमाण दोन वेगळ्या लक्षणांसाठी होते. इथे मात्र दोन जनुके मिळून एकच लक्षण घडवत होती. दोन्ही प्रभावी रूपे हजर असली की अक्रोड-तुरा, एकच असेल तर गुलाब किंवा वाटाणा, दोन्ही नसतील तर एकेरी. पनेटच्या नावाने ओळखला जाणारा चौकटींचा तक्ता आपण फळ्यावर काढतो, त्यात हे उदाहरण जरूर घालून पाहावे.

याच प्रयोगांनी शुद्धतेच्या कल्पनेलाही धक्का दिला. प्रदर्शनात 'निळी अँडॅल्युशियन' नावाच्या कोंबडीला मोठा मान होता. तिचा रंग निळसर राखी. पण पाळणाऱ्यांची कायमची तक्रार अशी की निळ्या जोडीपासून सगळी पिल्ले निळी होत नाहीत. काही काळी होतात, काही मळकट पांढरी. ती 'अशुद्ध' म्हणून बाजूला काढून वर्षानुवर्षे निवड केली तरी फरक पडेना. बेटसनच्या गटाने मोजदाद करून दाखवले की प्रमाण साधारण १ काळी : २ निळ्या : १ पांढरट असे पडते. म्हणजे निळी कोंबडी स्वतःच संकर आहे! तिच्याकडे काळ्याचे एक आणि पांढरटाचे एक अशी जनुकाची दोन रूपे असतात. पाळणाऱ्याला सगळी पिल्ले निळी हवी असतील तर त्याने टाकून दिलेल्या काळ्या आणि पांढरट पक्ष्यांची जोडी लावायला हवी. बक्षीस मिळवणारी ती संकर आणि टाकून दिलेली तीच त्या गुणापुरती शुद्ध, असा हा उलटा प्रकार.

असेच वायनडॉट या अमेरिकन वाणाचे. त्याच्या मानकात गुलाब-तुरा सक्तीचा. तरीही पिढ्यानपिढ्या त्यात एकेरी तुऱ्याची पिल्ले निघतच राहिली. याचे कारण पुढे उलगडले. गुलाब-तुऱ्याचे जनुक ज्या कोंबड्यात दोन्ही बाजूंनी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून, आलेले असते त्याची प्रजननक्षमता कमी असते. २०१२ साली संशोधकांना दिसले की गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसल्याने हा तुरा तयार होतो, आणि तो तुकडा जिथे तुटतो तिथे शुक्रजंतूंच्या हालचालीशी संबंधित एक जनुक बिघडते. म्हणून 'शुद्ध' कोंबड्याला संतती कमी आणि 'मिश्र' कोंबड्याला जास्त. माणूस शुद्ध निवडत होता आणि निसर्ग मिश्र.

पिवळे पाय आणि 'इंग्लिश' कोंबडी

आता सोनेराकडे परत येऊ. लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ब्रह्मा अशा कितीतरी वाणांचे पाय पिवळे असतात. मानकात तसे लिहिलेलेच असते. लाल रानकोंबड्याच्या पायांत मात्र हा पिवळा रंग नसतो. अन्नातून येणारी कॅरोटिन गटातली पिवळी रंगद्रव्ये तोडणारे एक विकर त्याच्या त्वचेत काम करते. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत या विकराचे जनुक त्वचेत मंदावलेले असते, म्हणून मक्यातला आणि हिरव्या पाल्यातला पिवळा रंग तिथे साठतो.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली हे जनुक तपासले, तेव्हा पिवळ्या पायांच्या कोंबड्यांतले रूप लाल रानकोंबड्याशी जुळेना. ते जुळले राखी रानकोंबड्याशी! म्हणजे पाळीव कोंबडी माणसाच्या अंगणात आल्यानंतर केव्हातरी, दक्षिण आशियात, तिचा राखी रानकोंबड्याशी संकर झाला. डार्विनच्या नोंदीप्रमाणे असा संकर अवघड असतो, पण अशक्य नसतो. त्यातून आलेले हे एक जनुक माणसाच्या नजरेत भरले आणि जगभर पसरले. २०२० साली आठशेहून अधिक कोंबड्यांच्या आणि रानकोंबड्यांच्या जनुकसंचांची तुलना झाली. तिच्यानुसार पाळीव कोंबडीचा मुख्य उगम नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या लाल रानकोंबड्यात आहे. डार्विनचे उत्तर मुख्यतः बरोबर ठरले, आणि सोनेराचेही पायांपुरते.

आता दुकानातली 'इंग्लिश' कोंबडी पाहा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातले असील इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात गेले. तिथल्या पक्ष्यांशी त्यांचा संकर होऊन रुंद छातीचे 'कॉर्निश' वाण तयार झाले. ब्रिटनमध्ये त्याला 'इंडियन गेम' असेच म्हणतात. १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यात पिसांच्या दिमाखाऐवजी मांस आणि वाढीचा वेग पाहिला गेला. कॅलिफोर्नियाच्या व्हँट्रेस यांचा कॉर्निश-संकर तीत पहिला आला. आजचे ब्रॉयलर कॉर्निश आणि प्लायमाउथ रॉक अशा वाणांच्या मिश्रणातून आलेले आहेत. आपल्याकडे बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या संस्थांनी पुण्यातून हा व्यवसाय देशभर नेला आणि ब्रॉयलर खेड्यापाड्यांत पोचली.

तेव्हा जिला आपण 'इंग्लिश' म्हणतो तिच्या छातीत आपल्या असीलचा वाटा आहे. तिच्या पायांत पिवळेपणा असेल तर तो सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या कुळाचा आहे. सात रस्त्याला जसे वेगवेगळ्या दिशांचे रस्ते येऊन मिळतात, तसे प्रत्येक कोंबडीत अनेक वंश येऊन मिळालेले असतात.

कडकनाथचे काय?

कडकनाथ हे मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या भागातले वाण. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळले. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाण खरोखर वैशिष्ट्यपूर्ण आहे. पण त्याच्याभोवती पुष्कळ दंतकथा जमल्या आहेत. त्याचे रक्त काळे असते, अंडी काळी असतात असे सांगितले जाते. रक्त इतर कोंबड्यांसारखेच लाल असते, अंडी फिकट तपकिरी असतात. काळा रंग त्वचा, मांस, हाडांवरचे आवरण आणि आतले अवयव यांत असतो.

हा रंग येतो कसा? बेटसन आणि पनेट यांनी १९११ साली याचा शोध सुरू केला होता. त्यांच्यापुढे कडकनाथ नव्हती, तिच्यासारखीच काळ्या त्वचेची सिल्की होती. काळेपणाचे जनुक प्रभावी असते, आईबापांपैकी एकाकडून आले तरी परिणाम दिसतो. त्याला अडवणारे दुसरे एक जनुक लिंग-गुणसूत्रावर असते आणि ते लेगहॉर्नसारख्या वाणांत आढळते. पक्ष्यांत नराकडे दोन सारखी लिंग-गुणसूत्रे असतात आणि मादीकडे दोन वेगळी. म्हणून सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकरात तलंगा गडद काळ्या होतात आणि नर फिके राहतात. २०११ साली कारण रेणूंच्या पातळीवर सापडले. एका गुणसूत्राच्या तुकड्यांची दुप्पट होऊन फेरमांडणी झाली आहे. त्यामुळे रंगपेशींना वाढण्याचा संदेश देणारे एंडोथेलिन-३ हे प्रथिन जास्त तयार होते. चीन, इंडोनेशिया, स्वीडन अशा दूरदूरच्या काळ्या वाणांत हीच फेरमांडणी आहे. पुढच्या अभ्यासांत ती कडकनाथमध्येही आढळली. हा बदल एकदाच घडला आणि माणसाबरोबर देशोदेशी पसरला, असाच याचा अर्थ.

आता व्यवहाराकडे वळू. काळेपणा प्रभावी आहे, म्हणून कडकनाथ कोंबडा आणि अडवणारे जनुक नसलेली गावरान कोंबडी यांची पहिल्या पिढीतली पिल्लेही काळपटच निघतात. गिऱ्हाइकाने चोच, जीभ, पाय कितीही न्याहाळले तरी 'असल' आणि संकर यांत फरक करणे त्याला सोपे नाही. काळा रंग केवळ गुणसूत्रावरच्या एका जागेची साक्ष देतो. कोंबडीला गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात आणि बाकीच्या ठिकाणी काय आहे हे रंग सांगत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. कडकनाथचे भाव चढले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात पिल्ले आणि खाद्य पुरवून अंडी व पक्षी चढ्या दराने परत विकत घेण्याच्या योजना निघाल्या. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील अशीच एक योजना कोसळली. खरेदी थांबली, सांगली-साताऱ्यापासून आसपासच्या जिल्ह्यांतले शेतकरी अडकले, पोलिसांत फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. अनेकांनी कर्ज काढून पिल्ले घेतली होती. खाद्य संपले आणि पक्षी डोळ्यांदेखत मेले.

१८५५च्या बोस्टनमध्ये आणि २०१९च्या सांगलीत एक साम्य आहे. पक्षी विकत घेणाऱ्यांत खाणारे थोडे आणि पुढे पैदास करून विकू पाहणारे फार. हा खेळ का टिकत नाही हे सातवीचा विद्यार्थीही काढू शकेल. समजा, एका कोंबडीची वर्षाला ६० पिल्ले जगली आणि त्यातल्या ३० माद्या निघाल्या. त्यांचीही तशीच पैदास झाली तर दुसऱ्या वर्षाअखेर ९०० माद्या आणि तिसऱ्या वर्षाअखेर २७,००० होतील. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, निम्मे धरले तरी निष्कर्ष बदलत नाही. जो प्राणी इतक्या वेगाने वाढतो तो 'दुर्मिळ' म्हणून महाग राहू शकत नाही. त्याचा भाव अखेर तो खाणारा किती देईल यावरच येऊन थांबतो. गुंतवणूक करण्याआधी हे त्रैराशिक मांडले गेले असते, तर काही घरे वाचली असती.

मग वाणे जपायची कशाला?

शुद्ध वाण ही माणसाची कल्पना आहे, म्हणून वाणांना किंमत नाही असा अर्थ कोणी काढू नये. उलट आहे. ज्या कळपात एकच बक्षीसपात्र कोंबडा वर्षानुवर्षे वापरला जातो तिथे जवळच्या नात्यात पैदास होते, अंडी कमी उबतात, पिल्ले कमजोर निघतात. गावरान कळपात विविधता मोठी असते. पुढे एखादा नवा रोग आला किंवा हवामान बदलले, तर उपयोगी पडणारी जनुके तिथे सापडण्याची शक्यता अधिक. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी वाणांची नोंद ठेवतो. तीत नंदुरबारकडची, महाराष्ट्र-गुजरात सीमेवरची 'बुसरा' कोंबडी आहे, असील आहे, कडकनाथही आहे. ही वाणे टिकवली ती आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांनी, मानकाचे पुस्तक न बाळगता. त्यांच्या कळपात थोडी सरमिसळ राहिली, हेच त्या वाणांचे बळ आहे.

वर्गासाठी दोन सोपे उपक्रम सुचवतो. पहिला मोजणीचा. विद्यार्थ्यांनी घरच्या किंवा शेजारच्या गावरान कोंबड्या, मालकाच्या परवानगीने आणि न पकडता, नुसत्या पाहाव्यात. प्रत्येकीचा तुरा एकेरी, वाटाणा, गुलाब की वेगळा, पाय पिवळे, पांढरे की काळसर, मानेवर पिसे आहेत की मान उघडी, डोक्यावर पिसांचा झुबका आहे का, हे तक्त्यात भरावे. पन्नास कोंबड्यांचा तक्ता झाला की 'गावरान' या एका शब्दाखाली किती प्रकार राहतात ते समोर येईल.

दुसरा उपक्रम दोन नाण्यांचा. दोघांनी एकेक नाणे घ्यावे. छाप म्हणजे काळ्याचे जनुक, काटा म्हणजे पांढरटाचे. दोघांनी एकदम उडवून नोंद करायची: दोन्ही छाप तर काळी, दोन्ही काटे तर पांढरट, मिश्र आले तर निळी. शंभर वेळा उडवल्यावर प्रमाण काढावे. मग प्रश्न विचारावा: यातली शुद्ध कोणती? निळीला बक्षीस देणाऱ्या परीक्षकांना शंभर वर्षांपूर्वी जे पटायला जड गेले, ते मुलांना दहा मिनिटांत कळेल. पुढे कधी कोणी 'असल आहे' म्हणून चढा भाव सांगितला, तर कशावरून असल आणि कोणत्या गुणापुरते असल, एवढे दोन प्रश्न त्यांनी विचारले तरी हा धडा शिकवल्याचे सार्थक होईल.